टवक्याची पिवळी बाजू

अप्पा,

दसरा होऊन तीन दिवस झाले. आज सोमवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. शिरोलीच्या कारखान्यात मी एकटाच आहे आणि तुम्ही दिलेल्या हातोडीने आत्ताच एक पिन ठोकून पाहिली. तिचा टवका उडाला. नऊला ट्रक भरायचा आहे.

पिना रेल्वेच्या आहेत, रूळ सरकवून गाडीची वाट बदलतात त्या सांध्यातल्या. वरचा थर लाल तापवून पाण्यात विझवला की कडक होतो, पण ठिसूळही. म्हणून लगेच भट्टीत मंद आचेवर ठेवून त्याचा ताण उतरवायचा, उशीर झाला तर भेगा पडतात. "लगीच" हा शब्द तुम्ही तीनदा म्हणायचात. खंडेनवमीला सकाळी पिना विझवल्या आणि दुपारी भट्टी पुसून तिला झेंडूची माळ घातली. पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, ही इथली रीत. पिना दोन दिवस तशाच पडून राहिल्या, मग भट्टीत गेल्या. कडकपणा मोजला, आकडा बरोबर आला, मी तपासणीच्या कागदावर सही केली.

आठवतंय, मी दहा वर्षांचा आहे. आई भाकरी थापतेय, तुम्ही दगडी पाट्यावर बोट आपटून विचारता, "ह्यो कडक हाय का न्हाय?"

"हाय की."

"मग रूळ दगडाचं का करत न्हाईत?"

"पोराला आधी जेवू द्या की," आई म्हणते.

"कडक असणं येगळं, मार सोसणं येगळं," तुम्ही म्हणता. "पयलं यंत्र सांगतंय. दुसरं हातोडी."

टवक्याची आतली बाजू पिवळसर आहे. ताजं तुटलेलं पोलाद करडं दिसतं. पिवळं म्हणजे भेग आधीच पडली होती, भट्टीत शेकून ती नुसती पिवळी झाली. बाकीच्या पिनांत किती भेगा आहेत, कोण सांगणार? मालकांना फोन केला.

"आकडा बरोबर हाय न्हवं?"

"हाय, पण..."

"मग सणासुदीला नाट कशाला लावतोस? आणि खाली सही कुणाची हाय, बघ जरा."

सही माझीच आहे. ती खोडली तर नोकरी गेली. आयटीआय अर्धवट टाकलेल्याला दुसरीकडे कोण उभं करील? नाही खोडली तर एखाद्या सांध्यावर, भरल्या गाडीखाली... अप्पा, भट्टीला माळ घालणारा मीच होतो. पिना बाहेर आहेत हे मला माहीत होतं, पण सगळे आरतीला उभे होते आणि माझी जीभ उचलली नाही.

सात वाजले. सही खोडली आहे, दोन रेघा मारून. कागद मालकांच्या टेबलावर ठेवतो आणि त्यांची वाट बघत ट्रकच्या वाटेत उभा राहतो. हे पत्र हातोडीच्या डब्यात राहील.

वर एक पिन ठोकली असं लिहिलंय, ते खोटं आहे. तीन ठोकल्या. पहिल्या दोन फुटू नयेत म्हणून मी हळू मारलं.