पाडसाची चाल

४ फेब्रुवारी
झालं! बाबांनी काढलेल्या जुन्या कार्टूनचा नवा सिनेमा आवाजासाठी आमच्याच स्टुडिओत आलाय. या वेळी माणसं खरी, जंगल खरं, आणि पाडस कॉम्प्युटरवर केलेलं—अंगावरचा केस न् केस दिसतो. त्याच्या पावलांचे आवाज मी करायचे, मातीच्या ट्रेमध्ये, हातांनी. बाबांनी कागदावर चालवलं, आता मी चालवणार. आज बाबा हवे होते.

५ फेब्रुवारी
पाडस सरळ चालतं! जुन्या सिनेमात दोन पावलं धावायचं, मागचा पाय ओढायचं, थबकायचं आणि धप्पकन बसायचं. ती ताईची चाल. मी जन्मायच्या आधीच ताई गेली. दुपट्यात गुंडाळलेला तिचा एकुलता एक फोटो आहे. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. फक्त सिनेमा लागला की बाबा म्हणायचे, "बघ, तुझी ताई आली." आई उठून स्वयंपाकघरात जायची. मी त्या पाडसालाच बहीण मानत मोठी झाले. हसायचं त्यांनी हसावं.

९ फेब्रुवारी
दिग्दर्शकाशी भांडले. त्याचं नाव मी 'खरंखुरं' ठेवलंय, दर वाक्यात तेच! "अहो, खरं पाडस असं फेंगडं चालत नाही. लोकांना खरंखुरं हवंय."
म्हटलं, खरं पाडस तुमच्या सिनेमातल्यासारखी गाणी म्हणतं का?
पण पालथ्या घड्यावर पाणी. चाल आहे तीच राहणार.
घरी येऊन खूप रडले. ताई दुसऱ्यांदा गेली असं वाटलं. आईला काही बोलले नाही.

१० फेब्रुवारी
कामावर गेले नाही. डोकं ठणकतंय.

१३ फेब्रुवारी
खरंखुरं स्वतःहून आला. "तुमचं एवढं काय अडलंय त्या चालीवाचून?" सांगून टाकलं एकदाचं. त्यानं चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "उंच गवतातून येतं तिथं ते दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. तिथं तुमचं चालवा."
उगाच नावं ठेवली बिचाऱ्याला!
दुपारभर तेच केलं. दोन भरभर, एक ओढलेलं, जरा थांबायचं, धप्प. हाताला शिकवावं लागलं नाही.

१५ फेब्रुवारी
जेवणं झाल्यावर आईच्या कानाला हेडफोन लावला. आधी काही सांगितलं नाही. तिनं डोळे मिटून ऐकलं. धप्प झालं तशी हसली, आणि हसता हसता डोळे भरले.
"ताईच ना? अशीच चालायची ना गं?"
"चालायची कुठली! उभीसुद्धा राहिली नाही गं ती. रांगायच्या आधीच गेली. तुझ्या बाबांनीच चालवली तिला, कागदावर."
मी हेडफोन काढायला गेले, तर तिनं माझा हात धरला.
"राहू दे. पुन्हा लाव."