व्हालेर्न घराण्याची सागवानी फळी

ता. ९ फेब्रुवारी १९३६, कारंजा

अकोल्याचे वकील आले होते. म्हणाले, बेल्जमच्या साहेबासाठी काय काय केलंत त्याची यादी द्या. दिली. नक्कल इथे ठेवतो. सगळं या दोन हातांचं. उस्ताद कोणी नव्हता.

कापसाच्या जिनाच्या बंगल्याची आठ दारं, सोळा खिडक्या. एकही दार अजून पावसाळ्यात फुगत नाही. जेवणाचं मेज, खिळा न मारता. साहेबाच्या लग्नाच्या दिवशी पाद्रीबाबांचं पुस्तक ठेवायला तिरकं घोडं. साहेबाच्या लेकीचा पाळणा, कठड्यावर दोन बगळे. आणि फळी.

फळी: साग, चार फूट सात इंच बाय दोन फूट नऊ. व्हालेर्न घराण्याच्या नऊ पिढ्या, एकतीस नावं, बाळबोध अक्षरात. मूळ खाली, शेंड्याला साहेब. मागच्या बाजूला साहेबाने स्वतः तापल्या लोखंडाने उठवलेला शिक्का.

वकिलांनी फूटपट्टी लावून पाहिली. माझंच माप निघालं. निघणारच.

ता. १०

काल माप घेतलं आणि सगळं वर आलं. १९१२ चा हिवाळा. जिनाचा भोंगा झाला की मी पाटी घेऊन बंगल्याच्या पायरीवर. साहेब खुर्चीत, पाय कठड्यावर. बाप बारन, म्हणजे तिकडचा जहागीरदार, आजा बारन, आणि हा कारंज्यात सरकीच्या वासात बसून मला घराणं सांगतोय. मोडकी हिंदी. "मिस्त्री, पूरा लिखो. एक भी नाम छूटना नहीं."

मूळ पुरुष चक्कीवाला, म्हणून निशाणात चक्कीचं चाक. तिसऱ्याने दलदल उपसली, पण बगळे काही उठले नाहीत, म्हणून बगळे. पाचव्याने पत्त्यांत दोन गावं घालवली. आजोबांनी नासपतीची चाळीस झाडं लावली. ती सांगताना सा. डोळे मिटत. मी नासपती अजून खाल्लेली नाही, पण त्या झाडांच्या रांगा मला पाठ आहेत.

बगळा मी आपल्या तळ्यावरचा पाहून कोरला. सा. खूप हसले. "ये तो तुम्हारे गाँव का है. रहने दो. अब घर का हुआ."

१९१४ च्या ऑगस्टात त्यांच्या मुलखात लढाई शिरली. दोन दिवसांत निघाले. फळी माझ्याकडे. "लौटके ले जाऊँगा." तिकडेच खंदकात गेले. सखूबाई, त्यांची बायको, नंतर तापाच्या साथीत गेली. लेक लुईझा मिशनच्या बोर्डिंगात वाढली. आता इथेच मुलींच्या शाळेत शिवण शिकवते. पाद्रीबाबांची लग्नाची वही कुठे गेली, देव जाणे.

ता. १६

वकिलांचं पत्र. लढाईत तिकडची कोठी जळाली, घराण्याचे सगळे कागद तिच्यात. या फळीचा उल्लेख साहेबाने आईला लिहिलेल्या, तेवढ्या बचावलेल्या एका पत्रात सापडला. म्हणजे जे बेल्जमात नाही ते कारंज्यात, माझ्या कामाच्या मेजावर टांगलेलं! दोनदा उठून फळी पुसली.

साहेबाचे चुलतभाऊ विकत मागतात. रक्कम लिहीत नाही, डोळे फिरतात. अट: फळी आहे तशी हवी, एक अक्षरही वाढवायचं नाही. कारणही दिलंय. साहेबाच्या पुढे फळीवर कोणी नाही, सबब वंश तिथे संपला, सबब इस्टेट चुलतभावांची.

काम चोख आहे. तरी काहीतरी खटकतंय.

ता. १८

भाट आला. तीन वर्षांनी. जेवला, पान खाल्लं, वही उघडली, आमचं घराणं सुरात वाचलं. नातवाचं नाव चढवलं. मी फळीची बांधणी याच वहीवरून घेतली होती. भाट फळीपुढे उभा राहून मान डोलवत होता. "वा मिस्त्री! गोऱ्याचं घरानं, पन कायदा आपला."

आमची ही दारातून म्हणाली, "बुवा, आमच्या जनीचं नाव हाय का तुमच्या वहीत?"

"लेकीचं नाव तिच्या सासरच्या वहीत राह्यते, माय."

"किन्हीराजाले, तिच्या सासरच्या वहीत, मी इचारलं. थे म्हनतात, सुनेचं नाव लिहीत नाही. मंग माही पोरगी हाय कोठी?"

भाट हसला. मीही हसलो. तो गेल्यावर हिने फळीकडे बोट केलं. "आन तिथं? त्या पोरीचा पायना तुमीच केला ना? मंग ती कोठी हाय?"

मी म्हटलं, वंशात लेकी लिहीत नाहीत.

"साहेबानं सांगतलं होतं का तसं?"

नव्हतं सांगितलं. साहेबाने सगळ्या सांगितल्या होत्या. आत्या, बहिणी, आणि शेवटी पाळण्याकडे पाहून लुईझा. पाटीवर मी सगळ्या लिहिल्या. फळीवर घेताना गाळल्या. कायदाच तो, विचारायचं काय? साहेबाला बाळबोध वाचता येत नव्हतं. निघायच्या घाईत म्हणाले, "पूरा है?" मी म्हटलं, पूरा. आणि त्यांनी शिक्का उठवला.

चोवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की या फळीत चूक नाही.

ता. १९

शाळा सुटल्यावर लुईझाकडे गेलो. तिला पत्र वाचून दाखवलं. ती लहान असताना सुट्टीत आली की मी तिला फळी वाचून दाखवत असे. तिला एकतीसच्या एकतीस पाठ आहेत. विचारलं, तू कधी म्हणाली नाहीस, माझं नाव कुठे?

"कायले म्हनू, काका?" हातातलं शिवण खाली ठेवलं नाही. "मले वाटे, बाबानंच नाही सांगतलं. लोक बिनबापाची म्हनतात, आन थे बी तसंच समजत असतीन."

मी म्हटलं, त्यांनी सांगितलं होतं. मी गाळलं.

तिने शिवण खाली ठेवलं. मग, "सांगतलं होतं? काय सांगतलं, तसंच सांगा."

सांगितलं. "और ये मेरी लुईज़. सबसे ऊपर." तिने पुन्हा सांगायला लावलं. तीनदा.

इस्टेटीचं विचारलं तर म्हणाली, "थे झाडं राह्यले असतीन का, नासपतीचे?" एवढंच.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ता. २२

सकाळी फळी उतरवली. साहेबाच्या नावाच्या वर दीड इंच जागा. पाव इंचाची पटाशी, दोनदा धार केली. एक फांदी, एक पान, पानात लुईझा. चोवीस वर्षांचा साग दगड झालाय. दर ठोक्याला थांबावं लागलं.

नवं लाकूड फिकं दिसतं. ही म्हणाली, तेल लावा, मिसळून जाईल. लावणार नाही. खाली बारीक अक्षरात कोरलं: "नाव मिस्त्रीच्या चुकीने राहिले होते. २२ फेब्रुवारी १९३६." शिक्का आधीचा, नाव मागाहूनचं, कोणी खोटेपणा म्हणायला नको. माझ्या कामावर माझीच चूक, माझ्याच अक्षरात.

उरलेल्या लेकी: आत्या चार, बहिणी दोन. पाटी कधीच पुसली गेली. दोन नावं आठवतात. बाकीची...

लुईझा शाळेतून येऊन पाहून गेली. नावावर बोट ठेवून उभी होती. म्हणाली, "काका, झ चांगला आला."

ता. २५

वकील स्वतः आले. फळी पाहिली, खालची ओळ वाचली, टोपी काढून बसले. "हे तुम्ही काय केलंत, मिस्त्री?" मग आवाज उतरवून, "वरचा दीड इंच रंधा मारून काढून टाका. मी काही पाहिलं नाही. रक्कम तीच."

मी विचारलं, असंच्या असं तिकडे कळवाल का, नावासकट? म्हणाले, कळवीन, ते मानतील असं नाही. शिक्क्याआधीचं की नंतरचं, हेच कोर्ट विचारेल. मी म्हटलं, विचारू दे. तारीख लिहिलेलीच आहे.

फळी परत टांगली. दीड इंच रंधण्याचे साडेसातशे रुपये देत होते. नाही म्हटलं.