आजोबांच्या डोक्यावरचं रान

प्रिय ख्वेन,

अक्षर वाकडं आहे, चष्मा लावून वाच. तब्येत विचारू नकोस, दात सोडून सगळं जागेवर आहे.

तुझे लुओंग आजोबा, म्हणजे माझे धाकटे दीर, गेल्या वर्षी म्हणाले होते, आणखी एका हिवाळ्यात किनाऱ्यावरच्या थडग्यांची वाळू उडाली तर घराण्याची सगळी थडगी हमरस्त्याकडच्या सिमेंटच्या दफनभूमीत हलवायची. तुझ्या आजोबांनी जन्मभर समुद्रावर जाळं टाकलं, त्यांना आता ट्रकचे भोंगे ऐकत पडायला लावणार. मी जेवले नाही त्या दिवशी.

दोन वर्षांपूर्वी वर्षअखेरीला थडगी साफ करताना तू म्हणाली होतीस, आजी, मर्यादवेल उपटू नका, तिच्यामुळेच वाळू थांबते. मग जेवताना मी साऱ्या घराण्यासमोर म्हटलं होतं, "चार बुकं शिकली, आणि आता आजोबांच्या डोक्यावर रान माजवते." तू ताटावरून उठून गेलीस, ती परत आलीच नाहीस.

तू गेल्यावर महिन्याभरात वारा सुटला. आपण खराट्याने लख्ख केलेल्या थडग्यांच्या विटा उघड्या पडल्या. आणि शेजारचा तो निपुत्रिक मिठागरवाला, ज्याचं थडगं कुणी झाडत नाही, तो वेलीखाली वाळू पांघरून मजेत पडलेला. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी होते.

उन्हाळ्यात त्याच्याच वेलीचं बी तोडलं. शेण घातलेल्या मातीत लावलं, लाडाने गोडं पाणी पाजलं. रोपं उंच झाली आणि किनाऱ्यावर नेताच आठवड्यात मेली. लाडावलेली पोरं अशीच. मग नुसत्या वाळूत लावलं. बियांचं कवच भारी टणक, एकेक बी विळ्याला धार लावायच्या दगडावर घासायचं, दिवसभर भिजवायचं, जे फुगणार नाही ते पुन्हा घासायचं. बोटांची सालं गेली. रोपांना दोन पानं आली की पाण्यात थोडं थोडं समुद्राचं पाणी मिसळायचं. एकसष्ट रोपं जगली. थंडी ओसरल्यावर मी एकटीने ती लावली. शेजारणी म्हणायच्या, म्हातारी वाळूत शेती करते.

यंदा दोन वादळं झाली. ख्वेन, एक वीट दिसली नाही. लुओंग थडगी हलवायची म्हणून मापं घ्यायला मोजपट्टी घेऊन आले होते, ती खिशातच राहिली. सकाळची वेळ, सगळीकडे जांभळी फुलं. सवयीने त्यांचा हात वेलीकडे गेला, मी काठीने बोटांवर मारलं. ते म्हणाले, वहिनी, न झाडलेलं थडगं बघून लोक काय म्हणतील. मी म्हटलं, म्हणतील, याची नात शिकलेली आहे.

थडगी हलवायचं रद्द झालं. पण पुतणे-सुना ऐकतील का? त्यांचे हात उपटायलाच शिवशिवतात. म्हणून घराण्याच्या बैठकीत मी सांगितलं, की हे ख्वेनचं म्हणणं होतं आणि मी तिला वेडंवाकडं बोलले होते. सगळ्यांसमोर बोलले होते, सगळ्यांसमोरच परत घेतलं. बाराव्या महिन्याच्या दहा तारखेला साफसफाई आहे. काय उपटायचं आणि काय ठेवायचं, ते तू सांगशील, असं ठरलंय. तू येईपर्यंत कुणी खराटा उचलणार नाही. लुओंगसुद्धा.

तुझीच, कुणाचं न ऐकणारी,
आजी