चाळीस दारं

१२ मार्च, कॉलेजमधली माझी खोली

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. आम्ही इकडे मजेत. फोन असताना पत्र कसलं लिहिते ही, म्हणून वहिनी हसेल. हसू दे. फोनवर तू दोनदा ‘हं’ म्हणतोस आणि ‘ठेवतो’ म्हणून मोकळा होतोस. हे ‘हं’वर भागणारं नाही.

आधी बातम्या. माझा गुडघा बरा आहे. व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाला यंदा साठ पोरं-पोरी आहेत आणि त्यातल्या पन्नासांना उद्याच साहेब व्हायचंय. तरी मला हे काम मनापासून आवडतं. ‘नेतृत्व’ मी पुस्तकातून कमीच शिकवते. एखादा प्रसंग लिहून वाटते, वर्गापुढे खुर्ची ठेवते, त्यातल्या माणसाच्या जागी एकाला बसवते आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडायचं. धमाल येते.

आता मुद्द्याचं. त्यातला एक प्रसंग मी अकरा वर्षं शिकवतेय. ‘चाळीस दारं’. हो, आपलीच. सुतारकामाचा कारखाना, वसतिगृहाची मोठी ऑर्डर आणि सगळी दारं दोन बोटं आखूड. नाव घातलं नाही, पण त्यातला मुकादम तूच. कानावर पेन्सिल, प्रत्येक फळी दोनदा मोजणारा. मुकादमाचं काय चुकलं, ते वर्गानं सांगायचं. दरवर्षी एकच उत्तर येतं: निष्काळजीपणा. मी मान डोलावते आणि पुढे जाते. लाज वाटतेय रे हे लिहिताना.

परवा खुर्चीवर मागच्या बाकावरची एक मुलगी बसली. वर्षभरात तोंडातून शब्द नाही तिच्या. पोरांनी तिला घेरलंच.

“माप कुणी घेतलं?”

“ते मी सांगणार नाही. कागदावर सही माझी आहे.”

“म्हणजे चूक तुमचीच!”

“मग तसंच लिहा.”

अगदी तुझा सूर, दादा. बाबांसमोर तू असाच उभा होतास.

मग ती माझ्याकडे वळली. “मॅडम, दोनदा मोजणारा माणूस चाळीस वेळा कसा चुकेल? हा कुणाला तरी पाठीशी घालतोय.”

सांगून टाकलं मी सगळ्यांना. मी घेतलेल्या मापातून नंतर बसायच्या फरशीची जाडी तू आधीच वजा केली होतीस आणि मी शहाणीनं ती पुन्हा वजा केली. माझ्यावर विश्वास ठेवून तू सही केलीस, आणि तुझ्या लक्षात आलं तोवर दारं कापून झाली होती. त्याच आठवड्यात मला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. “हिला साधं माप घेता येत नाही, शिकून काय दिवे लावणार?” म्हणून बाबांनी मला घरी बसवलं असतं. तू चूक अंगावर घेतलीस. बाबांनी कारखाना काकांकडे दिला आणि तू गेलास परगावी, दुसऱ्याच्या हाताखाली रंधा मारायला. मी गप्प बसले. बाबा तुला दोष देतच गेले, तेव्हाही गप्प बसले.

तेवढ्यात तीच मुलगी म्हणाली, “मॅडम, हे त्यांच्याशी बोललात का कधी?”

घ्या! साठ जणांपुढे ‘नाही’ म्हणावं लागलं.

म्हणून आज बोलतेय. चुकलं रे माझं. दारं एकदा चुकली, पण मी तेवीस वर्षं गप्प बसले. तू कधी टोमणासुद्धा मारला नाहीस. निदान एक तरी मारायचा होतास.

गंमत म्हणजे परवापासून मला फार हलकं वाटतंय. भूकसुद्धा चांगली लागतेय. प्रसंग नव्यानं लिहून काढलाय, सोबत ठेवलाय. आता त्यात बहीणही आहे. दोनदा तपास, तुझ्या सवयीप्रमाणे.

पुढच्या गुरुवारी अकराला त्याच वर्गावर तास आहे. खरा मुकादम येणार का, म्हणून पोरांनी माझं डोकं खाल्लंय. खुर्ची मी मांडून ठेवणार आहे. येताना रंधा आण, वर्गाचं दार खाली घासतं. ते मी मोजलेलं नाही, म्हणून लांब आहे.

आणि पोरांनी पहिलाच प्रश्न तोच विचारला, तर या वेळी तू गप्प बसायचं. उत्तर मी देईन. इथेही लिहून देते: माप मी घेतलं होतं.

सही माझीच,
तुझी छोटी