हालला की हालवला

६ डिसेंबर १९६४, यवतमाळ

सर, इतकी वर्षं तुमच्याशी एक शब्दही बोललो नाही, माफ करा. आज या वहीत लिहितो आहे, कारण एका मुलाबद्दलचा संशय मनातून जात नाही आणि इथे कुणाला विचारायची सोय नाही.

तुम्ही कॉलेजात शिकवलेला गोल्फ मी आता शाळेतल्या मुलांना शिकवतो. माळ तसाच, भोकाभोवती हिरवळ नाही, चेंडू सरळ घरंगळावा म्हणून तेल शिंपडून दाबलेली वाळूच. नागपूरच्या सामन्याला एक जोडी पाठवायची आहे. दोघांत एकच चेंडू, फटके आळीपाळीने. लांब मारायचा मोह सोडून जोडीदाराला पुढचा फटका सोपा जाईल तिथे चेंडू ठेवायचा, हे तुमचं शिकवणं एकाच मुलाला नेमकं कळलं आहे. तो बोरी अरबकडच्या बंजारा तांड्यावरचा. त्याचा जोडीदार घाटंजीच्या शेतकऱ्याचा मुलगा.

काल निवडीच्या खेळात तांड्यावरचा मुलगा वाळक्या गवतात चेंडूपाशी उभा राहिला आणि चेंडू सरकला. मी लांब होतो, डोळ्यांवर ऊन. त्याने स्वतःच हात वर केला. "सर, गेंद हालला जी." त्याच्या धक्क्याने सरकला असेल तर एक फटका दंड, एरवी नाही. म्हणून मी विचारलं, हालला की हालवला? मग पुन्हा तेच विचारलं. तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "हालवला." मी ती कबुली धरली. आधी खोटं का बोललास, असंही सर्वांदेखत म्हणालो. आता त्याला जोडीतून काढायला मी मोकळा होतो.

तरी खात्री हवी म्हणून जोडीदाराला बाजूला घेतलं. तो माझ्याकडे बघेना. "त्याच्या घरी मराठी नाही बोलत, सर. अन् तुमी दोन डाव इचारलं, तं मीबी हालवला म्हनलं असतं." मग म्हणाला, "परवा माहा गेंद हालला, तवा तुमी काहून नाही इचारलं?"

हा दोस्ताला सांभाळून घेतोय, असं मला वाटलं. अजूनही थोडं वाटतं. पण रात्रभर मला तुम्ही दिसता आहात. कॉलेजची मॅच चालू आहे, मी समोरच्या खेळाडूच्या मागे मागे त्याचा चेंडू न्याहाळत चाललो आहे आणि तुम्ही हळूच म्हणता, "खेळायला आलास की पहाऱ्याला?" तेव्हा मला राग आला होता.

तांड्याची माणसं दारावरून गेली की आमच्या घरी कडी लावत. ती कडी कॉलेज शिकूनही माझ्या हातात राहिली असावी. सर, हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहितो: चेंडू कसा सरकला ते मी पाहिलंच नव्हतं.

उद्या: "खोटं" हा शब्द सर्व मुलांसमोर मागे घेणे.