पळायची परवानगी

आप्पा, उद्या सकाळी डोंगरावर कैदी येणार आहेत आणि वणवा कसा विझवायचा ते त्यांना मी शिकवायचं आहे. शाळा अर्धवट सुटल्यावर इगतपुरीकडे वनखात्यात उन्हाळ्यापुरतं हेच काम मिळालं: डोंगर राखायचा, धूर दिसला की ओल्या फांद्यांनी गवत झोडपायचं.

तुम्ही बांधाच्या भांडणातल्या खुनाची शिक्षा भोगत खुल्या जेलात होता, तेव्हाची एक भेट आठवते. जेलातून वणवा विझवायला नेलं होतं, म्हणून तुमच्या हाताला फोड आलेत. आई विचारते, "दुसऱ्याची आग तुम्ही का इझवायची?"

"साहेबानं इचारलं, कोण कोण येतं? केला हात वर. शिक्षेत माफी मिळती. अन् नाय केला तर साहेबाच्या ध्यानात राहतं."

"खायला तरी काय देतात?"

"सरबत देतात. तू कधी दिलंस?"

आई हसली. पुढच्या उन्हाळ्यात अशाच एका वणव्यात वारा फिरला. गावकरी ओढ्याकडे पळाले; तुम्ही जागेवरच उभे राहिलात. तुमच्यासोबतचा कैदी भाजला, पण वाचला; तुम्ही वाचला नाहीत. सुटल्यावर तो घरी येऊन आईला म्हणाला, "वहिनी, आम्ही वरडत होतो, साहेब, उतरू का? धुरात शिपाईच दिसंना. न इचारता हललो तर पळून गेला म्हणून लिवतात."

लोक म्हणतात, गुन्हेगारानं घाम गाळला तर काय बिघडलं? काम वाईट नव्हतं. मोकळ्या हवेत तुम्हाला बरं वाटायचं, हे मी नाकारत नाही. पण ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकाराला होकार म्हणायचं का, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

आज आमच्या साहेबांनी कैद्यांना शिकवशील का म्हणून विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हणालो. मग धीर करून म्हटलं, "साहेब, त्यांना आधीच सांगून ठेवू. वारा फिरला तर कुणाला न विचारता पळायचं."

"येडा का खुळा तू? कैद्यांना पळा म्हणून सांगतोस?" साहेब हसले. मीही हसलो.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून लिहितो. हो म्हणताना तुम्ही माझ्या मनात नव्हता. पुढच्या हंगामालाही मला ठेवतील, एवढंच मनात होतं. उद्या साहेब गाडीत जाऊन बसले की त्या माणसांना पळायचं सांगेन, असं ठरवलं आहे. साहेब तिथेच उभे राहिले तर काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही.