रोज सांगितलेली दुपार

कोपरी, ठाणे (पूर्व)
१० नोव्हेंबर २०२४

चि. रत्नदीप यास ताईचा सप्रेम जयभीम.

डोंबिवलीत सगळे बरे असाल. तुझ्या लेकीला, स्वप्नाला, नोकरी लागल्याचं कळलं, फार बरं वाटलं. इथे लिफ्ट पुन्हा बंद आहे, माझे गुडघे कुरकुरतात. बाबा मला कधी मंजू म्हणतात, कधी सिस्टर.

त्यांना आता एकच गोष्ट धड आठवते, आई गेली ती दुपार. चहा झाला की म्हणतात, "सांग गं, कशी गेली ती." तेवीस वर्षं मी ती दरवर्षी आईच्या स्मृतिदिनी, पुण्यानुमोदनाला, सांगत आले. डॉक्टर म्हणाले, त्यांना आठवतं तेच पुन्हा पुन्हा बोला, तेव्हापासून रोज सांगते. मी निघताना आईने माझ्या गालावरून हात फिरवला, हे मी पदरचं घातलं. बाबांना तेच जास्त आवडतं.

गोष्टीच्या शेवटी तू येतोस. आईला श्वास लागला तेव्हा जिभेखाली गोळी ठेवायची सोडून आत झोपलेला.

मागे तू फोनवर म्हणालास, "ताई, हिरव्या साडीत दारात उभी राहून तू मला सांगितलेलंस, आईजवळ बस. मला अजून दिसतं." तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. रत्नू, मी तुला उठवलंच नव्हतं. तू रात्रपाळी करून गाढ झोपलेलास. आईजवळ बसायची पाळी माझी होती. उठवलं तर चिडशील, म्हणून दार ओढून साड्यांच्या सेलला गेले. ती हिरवी साडी मी त्याच दुपारी त्या सेलमधून आणली. लोक जमले तेव्हा तोंडातून निघून गेलं, "रत्नूला सांगून गेलेले." मग ते मागे घ्यायची हिंमत झाली नाही.

बाबांना तीन दिवस खरं सांगतेय. ऐकतात, रडतात, आणि चहाच्या वेळी पुन्हा तेच, "रत्नूला घरात घेऊ नकोस." तुझा चेहरा मात्र पार विसरलेत. फोटो दाखवला तर विचारतात, "हा कोण? भला दिसतो."

डॉक्टरांनी बाबांना महिनाच दिलाय. तू ये. फक्त नाव सांगू नकोस. शेजारचा म्हणून बस, ते तुझा हात हातात घेतील. मी कुठल्या तोंडाने हे मागतेय, मला कळतं.

तुझे बाबा तुझ्यापासून तोडणारी,
मंजुळा